डेल्टाचे अडीच टक्के: एका जुळ्या जनुकाचं प्रकरण

एचपीएलसी म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी. तिचा रिपोर्ट एका पानाचा असतो. वर नाव आणि वय, मधे एक आलेख, खाली चार-पाच आकडे. आलेखात अडीच मिनिटांच्या आसपास एक उंच सुळका दिसतो. ते हिमोग्लोबिन ए, आपल्या रक्तातलं जवळपास सगळं हिमोग्लोबिन. त्याच्या उजवीकडे, साडेतीन मिनिटांच्या जरा पुढे, एक टेकाड असतं. नवख्याच्या नजरेतून ते सहज निसटतं. त्यावर लिहिलेलं असतं ए-टू. निरोगी माणसात ते एकूण हिमोग्लोबिनच्या दोन ते सव्वातीन टक्के भरतं. म्हणजे अडीच धरा.

थॅलसेमिया म्हणजे हिमोग्लोबिनच्या साखळ्या कमी बनण्याचा आनुवंशिक आजार. त्याच्या तपासणीत मात्र लॅबमधल्या सगळ्यांचे डोळे सुळक्याकडे नसतात, त्या टेकाडाकडे असतात.

एक जोडपं धरू. जोडपं काल्पनिक आहे, पण असे आकडे कोणत्याही मोठ्या रक्तपेढीच्या लॅबमध्ये पाहायला मिळतात. तिला गरोदरपणाचा नववा आठवडा. हिमोग्लोबिन १०.८, लाल पेशी ५६ लाख, पेशींचा सरासरी आकार म्हणजे एमसीव्ही ६४, ए-टू ५.४ टक्के. इथे विचार करायला काही नाही, बीटा थॅलसेमिया मायनर, म्हणजे ती आजाराची वाहक. मग नवऱ्याचं रक्त मागवलं. हिमोग्लोबिन १३.१, लाल पेशी ५९ लाख, एमसीव्ही ६६, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा व्यवस्थित. ए-टू ३.२ टक्के. नॉर्मल.

"मॅडम, सरांचं ए-टू नॉर्मल आहे, पण काउंट बघा ना," असं सांगणारा तंत्रज्ञ ज्या लॅबला लाभतो ती लॅब नशीबवान. लोह भरपूर, तरी पेशी बारीक आणि संख्येने जास्त. ६६ ला ५.९ ने भागलं की ११ च्या वर थोडं येतं. हा भागाकार १३ च्या खाली आला की थॅलसेमियाचा संशय घ्यायचा, हा जुना आडाखा. काउंट एक सांगतोय आणि ए-टू दुसरंच. दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय.

खोटं बोलतंय ते ए-टू. ते का, हे कळायला आठ-नऊ कोटी वर्षं मागे जावं लागतं.

भावकी

हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा. दोन अल्फा आणि दोन त्यांच्या जोडीदार. जोडीदार बीटा असेल तर हिमोग्लोबिन ए, डेल्टा असेल तर ए-टू, गॅमा असेल तर गर्भातलं हिमोग्लोबिन एफ. हे सगळे जोडीदार एकाच घराण्यातले. अकराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर डीएनएच्या सुमारे ४५ हजार अक्षरांच्या पट्ट्यात त्यांची जनुकं एका ओळीत बसली आहेत: एप्सिलॉन, दोन गॅमा, मधे एक बंद पडलेलं जनुक, मग डेल्टा आणि शेवटी बीटा. ओळीतला क्रम आणि आयुष्यात कामाला लागण्याचा क्रम सारखाच. भ्रूणात एप्सिलॉन, गर्भात गॅमा, जन्मानंतर बीटा, आणि बीटाच्या सावलीत डेल्टा.

ही सगळी एकाच मूळ जनुकाच्या प्रतींच्या प्रती. हिमोग्लोबिनचं घराणं जनुकांच्या दुपटीतून वाढलं, ही कल्पना व्हर्नन इंग्रॅम यांनी १९६१ मध्ये मांडली. सिकलसेलमध्ये बीटाच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, हे १९५० च्या दशकात शोधणारेही तेच. पुढे १९७० मध्ये सुसुमु ओहनो यांनी ही गोष्ट सगळ्या उत्क्रांतीला लावली: जनुकाची जादा प्रत तयार झाली की एक प्रत जुनं काम सांभाळते, दुसरीला मोकळीक मिळते. ती बिघडेल, मरेल, किंवा काही नवं शिकेल.

पाठ्यपुस्तकात हे छान दिसतं. प्रत्यक्ष भावकी बघितली तर कुणाचा वेग कुणाशी जुळत नाही. दोन गॅमांत साखळीतल्या १४६ अमिनो आम्लांपैकी एकाच जागी फरक आहे: १३६ व्या जागी एकात ग्लायसीन, दुसऱ्यात अ‍ॅलॅनिन. बीटा आणि डेल्टामध्ये फरक दहा जागी. बीटा आणि गॅमामध्ये ३९ जागी. सोळाव्या गुणसूत्रावर अल्फाची दोन जनुकं शेजारी आहेत, त्यांची प्रथिनं तर तंतोतंत एक. आणि अल्फा-बीटा हे पन्नासएक कोटी वर्षांपूर्वी वेगळे झालेले चुलते, ते आज जेमतेम ४३ टक्के सारखे.

फरक मोजायचे, त्यावरून काळ काढायचा, ही रीतही हिमोग्लोबिनवरच सुरू झाली. झुकरकँडल आणि पॉलिंग यांनी १९६२ मध्ये ती सुचवली. प्रथिनातले बदल साधारण एका लयीत साठत जातात, तर बदल मोजा आणि वर्षं सांगा. बहुतेक ठिकाणी हे घड्याळ बरं चालतं. डेल्टाच्या बाबतीत त्याने पार दगा दिला.

घड्याळ कुणी मागे फिरवलं

१९८० च्या सुमाराला या भागातल्या जनुकांची अक्षरं पहिल्यांदा वाचून झाली, तेव्हा बीटा-डेल्टाच्या फरकावरून त्यांच्या फाटाफुटीचा काळ सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीचा निघत होता. म्हणजे डेल्टा ही माकड-मानवांच्या शाखेतली अलीकडची घडामोड. पटण्यासारखं होतं. पण मग सशाचा डीएनए वाचला गेला. सशाच्या त्याच भागात एक मेलेलं जनुक सापडलं, आणि जुळवून बघितल्यावर ते बीटा आणि डेल्टा यांची सरमिसळ निघालं. सशात डेल्टाचे अवशेष असतील तर दुपटीचा प्रकार ससा आणि माणूस यांचे पूर्वज वेगळे होण्याआधीचा असायला हवा. म्हणजे किमान आठ-नऊ कोटी वर्षं. घड्याळ निम्म्याहून जास्त मागे होतं.

त्याचं कारण त्याच वर्षी, १९८० मध्ये, ऑलिव्हर स्मिथीज यांच्या गटाने गॅमा जनुकांवर दाखवलं होतं. हा प्रयोग मला या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा वाटतो, म्हणून जरा थांबून सांगतो. त्यांनी एकाच माणसाची दोन्ही गुणसूत्रं घेतली. एका गुणसूत्रावरचे दोन्ही गॅमा वाचले आणि दुसऱ्या गुणसूत्रावरचा दुसरा गॅमा बराचसा वाचला. अपेक्षा काय? आईकडून आलेला दुसरा गॅमा आणि वडिलांकडून आलेला दुसरा गॅमा, ही एकाच जनुकाची दोन रूपं. तीच एकमेकांना जवळची असणार. शेजारचा पहिला गॅमा हे वेगळं जनुक, तो लांबचा असणार.

जनुकाच्या मधल्या मोठ्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिनात न उतरणाऱ्या मजकुरात, एकाच धाटणीची अक्षरं पुन्हा पुन्हा येणारा एक पट्टा आहे. त्या पट्ट्याच्या पुढच्या भागात सगळं अपेक्षेप्रमाणे होतं. पट्ट्याच्या अलीकडे, जनुकाच्या पहिल्या दोन-तृतीयांश भागात, चित्र नेमकं उलटं. तिथे एकाच गुणसूत्रावरचे शेजारी गॅमा जवळपास सारखे, आणि आई-वडिलांकडून आलेली एकाच जनुकाची दोन रूपं मात्र लांबची. जणू शेजाऱ्याने शेजाऱ्याचा कित्ता गिरवला आणि पट्ट्यापाशी येऊन हात थांबवला.

घडतं ते असं. डीएनएचा धागा तुटला की पेशी तो सांधताना जवळपासचा सारखा मजकूर नमुना म्हणून वापरते. खरा नमुना जोडीच्या गुणसूत्रावर त्याच जागी असतो. पण शेजारीच नव्वद-पंच्याण्णव टक्के सारखी दुसरी प्रत बसलेली असेल तर कधी कधी तीच हाती लागते आणि तिचा मजकूर उतरवला जातो. याला जीन कन्व्हर्जन म्हणतात. एका फटक्यात शेकडो अक्षरांतले फरक पुसले जातात. लाखो वर्षांत साठलेलं अंतर शून्यावर येतं आणि मोजणाऱ्याला वाटतं की ही दोघं कालच वेगळी झाली.

डेल्टाच्या अंगावर या कित्त्याच्या खुणा स्पष्ट आहेत. जनुकाचा पुढचा भाग, म्हणजे पहिला आणि दुसरा एक्झॉन (प्रथिनात उतरणारे तुकडे) आणि त्यांच्यामधला छोटा इंट्रॉन, बीटाशी बराच जुळतो. दुसरा, मोठा इंट्रॉन भलताच वेगळा. पुढच्या भागात बीटाची पाटी वेळोवेळी उतरवली गेली, मागचा भाग आपल्या वाटेने भरकटला. मग डेल्टाचा वेग किती, या प्रश्नाला एक उत्तर देताच येत नाही. एकाच जनुकाच्या दोन टोकांचे वेग वेगळे आहेत.

अल्फाच्या जोडीत हीच गोष्ट टोकाला गेली आहे. दोन्ही अल्फा इतक्या वेळा एकमेकींवरून उतरवल्या गेल्या की प्रथिनात फरकच उरला नाही. त्याची किंमतही मोजावी लागते. इतका सारखा मजकूर शेजारी-शेजारी असला की गुणसूत्रांची जोडी लागताना एक घर सरकते आणि ३.७ हजार अक्षरांचा तुकडा गळून एकच अल्फा उरते. मलेरियाच्या प्रदेशांत अशी माणसं टिकली, वाढली, आणि आपल्याकडच्या अनेक आदिवासी समाजांत हे एकेरी अल्फा सर्रास आढळतं.

एका अक्षराने गेलेला आवाज

ए-टू चा शोध १९५५ चा, कुंकेल आणि वॅलेनियस यांचा. विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिन सरकवलं की बहुतेक पुढे जातं, थोडंसं मागे रेंगाळतं. ते रेंगाळणारं म्हणजे ए-टू. थॅलसेमियाच्या वाहकांत ते वाढलेलं असतं हेही दोन वर्षांत कळलं, आणि तेव्हापासून हे टेकाड कामाला लागलं. पण ते एवढंसं का, याचं उत्तर प्रथिनात नाही. डेल्टाची साखळी ऑक्सिजन वाहण्यात बीटाला हार जाणारी नाही. दहा बदलांपैकी एकही तिला निकामी करत नाही.

खोट आहे ती जनुकाच्या दारात. जनुकाच्या आधी प्रमोटर नावाचा भाग असतो, तिथे प्रथिनं येऊन बसतात आणि जनुक किती वाचायचं ते ठरतं. बीटाच्या दारात सी-सी-ए-ए-टी अशी पाच अक्षरं आहेत. डेल्टाच्या दारात सी-सी-ए-ए-सी. शेवटचं एकच अक्षर गेलं. शिवाय बीटाच्या दारात सी-ए-सी-सी-सी हा दुसरा खुंटा आहे, त्यावर लाल पेशीतलं केएलएफ-वन हे प्रथिन येऊन अडकतं. डेल्टाकडे तो खुंटाच नाही. प्रयोगशाळेत डेल्टाला तो खुंटा परत लावून दिला की त्याचा आवाज वाढतो. भरीला डेल्टाचा संदेशवाहक आरएनए बीटाच्या मानाने लवकर विरतो. जनुक धडधाकट, पण त्याला कुणी हाकच मारत नाही, अशी ही गत.

आणि हाक न मारलेल्या जनुकाचं काय होतं ते नातेवाइकांकडे बघून कळतं. रीसस माकडासारख्या जुन्या जगातल्या माकडांमध्ये डेल्टा पूर्ण मुकं झालं. दक्षिण अमेरिकेतल्या माकडांत ते थोडं थोडं बोलतं, वानर-मानवांच्या शाखेतही. पण आफ्रिकेतला गॅलॅगो, रात्री झाडांवर उड्या मारणारा तो मोठ्या डोळ्यांचा प्राणी, त्याच्यात वेगळंच झालं. तिथे कित्ता नेमका दारापर्यंत पोचला. बीटाचा प्रमोटर डेल्टावर उतरला आणि डेल्टा हिमोग्लोबिनचा मोठा वाटा उचलू लागलं. एकाच भावंडाच्या नशिबी तीन घरांत तीन गोष्टी आल्या: मौन, कुजबूज आणि पुन्हा मिळालेला आवाज. त्या प्रथिनाच्या अंगी काही जास्त-कमी होतं म्हणून हे झालं असं म्हणायला जागा नाही. कित्ता कुठे सुरू झाला आणि कुठे थांबला, यावर सगळं ठरलं.

उलटा अपघातही होतो. डेल्टा आणि बीटा एकमेकांपासून सात-साडेसात हजार अक्षरांवर आहेत. जोडी लागताना एकाचं डेल्टा दुसऱ्याच्या बीटासमोर आलं आणि तिथेच अदलाबदल झाली, तर मधला तुकडा गळतो आणि डेल्टाचं डोकं, बीटाचं धड असं एक जनुक तयार होतं. हे हिमोग्लोबिन लेपोर. १९५८ मध्ये नोंदवलं गेलं, ज्या इटालियन वंशाच्या कुटुंबात सापडलं त्यांच्याच आडनावाने ओळखलं जातं. दार डेल्टाचं राहिल्यामुळे उत्पादन तुटपुंजं. खुर्ची बीटाची, पगार डेल्टाचा. वाहकात हे दहा टक्क्यांच्या आसपास असतं आणि एचपीएलसीवर ए-टू च्याच जागेवर उगवतं. ए-टू १२ टक्के असा रिपोर्ट आला की अनुभवी माणूस ते ए-टू मानतच नाही.

मरणाऱ्याला मरू का देत नाहीत

दुप्पट झालेल्या जनुकांचं सरासरी आयुष्य किती, याचा हिशेब मायकेल लिंच आणि जॉन कॉनरी यांनी २००० मध्ये मांडला. एका जनुकाची नवी प्रत साधारण दहा कोटी वर्षांत एकदा तयार होते, आणि बहुतेक प्रती काही दशलक्ष वर्षांत मुक्या होऊन जातात. या हिशेबाने डेल्टाचं तेरावं कधीच व्हायला हवं होतं. त्याच्या शेजारचं बंद पडलेलं जनुक तर गेलंच. शेळीत ते अजून भ्रूणावस्थेत काम करतं. आपल्याकडे त्याचा सांगाडा उरला आहे. त्या सांगाड्याचा एक उपयोग झाला. त्यावर निवडीचा दाब नसल्याने त्यातले बदल निर्वेध साठत गेले असं धरून मॉरिस गुडमन यांच्या गटाने १९८७ मध्ये त्याची अक्षरं माणूस, चिंपांझी आणि गोरिलात ताडून बघितली आणि माणसाचा सगळ्यांत जवळचा नातेवाईक चिंपांझी आहे याला बळ दिलं.

डेल्टाचं बिघडणं माणसाला जाणवतही नाही. दोन्ही डेल्टा गेलेली माणसं ठणठणीत असतात. बीटात मात्र थॅलसेमिया घडवणारे २०० हून अधिक बदल माहीत आहेत आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त आढळतो तो पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या अक्षरातला, जी च्या जागी सी. सिकलसेलमध्ये बदलणारं सहाव्या जागचं ग्लुटामिक आम्ल डेल्टातही आहे. तिथे व्हॅलिन आलं असतं तरी अडीच टक्क्यांत ते खपून गेलं असतं. बीटात ते येतं तेव्हा विदर्भातल्या, नंदुरबारच्या घराघरात सांधे ठणकतात.

तेव्हा अपेक्षा अशी: डेल्टात बदल बेफिकीर साठत असणार. २०१३ मध्ये पोर्तुगालमधल्या संशोधकांनी या भावकीतली माणसामाणसांतली विविधता मोजली, तर डेल्टा आणि तो सांगाडा या दोन ठिकाणी ती उलट सर्वांत कमी निघाली. इथे झालेले बदल गाळले जात आहेत. कशासाठी? त्यांचं म्हणणं असं की या दोघांच्या जागा प्रथिनासाठी राखलेल्या नाहीत. जन्माच्या सुमारास गॅमा बंद करून बीटा सुरू करायचं तर डीएनएचा धागा दुमडून दूरचं नियंत्रण केंद्र योग्य जनुकापाशी आणावं लागतं. त्या दुमडण्यात हे दोघे खुंटीसारखे वापरले जातात.

हे सगळं शंभर टक्के असंच आहे अशी पैज मी लावणार नाही. पण मला ते पटतं. आणि ते पटलं की वेगाचा प्रश्नच बदलतो. प्रत हळू बदलते म्हणजे तिचं प्रथिन महत्त्वाचं, असं आपण सवयीने म्हणतो. डेल्टाच्या बाबतीत वेग ठरवणाऱ्या तीन वेगळ्या गोष्टी एकाच जनुकात नांदताहेत: पुढच्या भागात बीटाचा कित्ता, जागेवर खुंटीचा दाब, आणि प्रथिनावर जवळजवळ काहीच नाही. नुसते फरक मोजून यातलं कोणतं किती, ते कळत नाही. दुप्पट जनुकांच्या वेगाचे जे मोठमोठे तक्ते बनतात, त्यांतल्या प्रत्येक ओळीमागे असली एखादी भानगड असू शकते. तक्ता वाचताना मला हे सतत टोचत राहतं.

गॅमाची मात्र गोष्ट सरळ, आणि पाठ्यपुस्तकात शोभेल अशी. माकड-मानवांच्या पूर्वजात गॅमाच्या दोन प्रती झाल्या, दोन्ही बाजूंना असलेल्या एल-वन या भटक्या तुकड्यांच्या चुकीच्या जोडीमुळे. त्यानंतर भ्रूणावस्थेतलं हे जनुक गर्भावस्थेत बोलू लागलं. त्या काळात त्याच्या प्रथिनात बदल झपाट्याने झाले. १४३ व्या जागी हिस्टिडीनऐवजी सेरीन आल्याने गर्भाचं हिमोग्लोबिन बीपीजीला, म्हणजे हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावणाऱ्या लाल पेशीतल्या रेणूला, कमी धरतं, म्हणून आईच्या रक्तातला ऑक्सिजन ओढून घेऊ शकतं. नवं काम मिळालं, वेग वाढला, काम बसलं, वेग उतरला. पुढे दोन्ही प्रती एकमेकींचा कित्ता गिरवत राहिल्या, तरी दारं पूर्ण एक झाली नाहीत. भारतातल्या सिकलसेलच्या गुणसूत्रांवर बहुधा पहिल्या गॅमाच्या दारात, आरंभापासून १५८ अक्षरं मागे, सी च्या जागी टी असतो. दुसऱ्या गॅमाच्या दारात तो नाही. त्या एका अक्षराच्या मदतीने आपल्याकडच्या अनेक रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही १५-२० टक्क्यांपर्यंत टिकतं आणि आजार आफ्रिकी रुग्णांच्या मानाने पुष्कळदा सौम्य राहतो. नेहमी नाही. नागपूरच्या बालरोग वॉर्डात उभं राहून कुणी 'सौम्य' म्हणू नये.

या भावकीत ८७ व्या जागेची उसनवारीही झाली आहे. डेल्टा आणि गॅमा दोघांत तिथे ग्लुटामिन आहे, बीटात थ्रिओनिन. सिकल हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्या बनतात, त्यात ही जागा चिकटण्याच्या बाजूला येते. ग्लुटामिन असलं की चिकटणं बिघडतं. म्हणून ए-टू आणि एफ दोन्ही दोऱ्या होऊ देत नाहीत. जीन थेरपीसाठी बीटा जनुक तयार करणाऱ्यांनी ८७ व्या जागी भावंडांचं हे ग्लुटामिन बसवलं. तेच बीटा घेऊन झालेल्या उपचाराला अमेरिकेत थॅलसेमियासाठी २०२२ मध्ये आणि सिकलसेलसाठी डिसेंबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. किंमत ऐकून आपल्याकडचा माणूस हात जोडतो, हा भाग वेगळा.

पुन्हा त्या रिपोर्टकडे

थॅलसेमियाच्या वाहकात ए-टू का वाढतं? अल्फा साखळीवर धन भार, बीटावर ऋण. दोघांची ओढ सहज. डेल्टाच्या दहा बदलांत २२ व्या जागचं ऋण ग्लुटामिक आम्ल जाऊन अ‍ॅलॅनिन आलं, ११६ व्या जागी हिस्टिडीन जाऊन जास्त धन असलेलं अर्जिनिन आलं. त्यामुळे अल्फासाठीच्या रस्सीखेचीत डेल्टा एरवी हरतं. एक बीटा बिघडलं की बीटाच्या साखळ्या कमी पडतात, अल्फा मोकळ्या उरतात आणि डेल्टाला जोडीदार मिळतो. टक्का अडीचवरून पाचाच्या वर जातो. उलट लोहाची कमतरता असेल किंवा अल्फाच कमी असतील, तर रस्सीखेच कडक होते आणि डेल्टाचा टक्का घसरतो. आपल्याकडच्या गरोदर बायकांत लोहाची कमतरता इतकी की काठावरचं ए-टू लोह भरून पुन्हा तपासल्याशिवाय खरं मानू नये.

या सगळ्या तपासणीत एक गृहीत दडलेलं आहे: डेल्टाची दोन्ही जनुकं शाबूत आहेत. पण डेल्टा बिघडलं तर माणसाला त्रास होत नाही, त्यामुळे बिघडलेली डेल्टा समाजात गुपचूप फिरत राहतात. अशा माणसाला शेजारचं बीटाही बिघडलेलं मिळालं, तर एकाने वर नेलेला टक्का दुसरा खाली आणतो. पाचाचे तीन होतात. रिपोर्ट म्हणतो, नॉर्मल.

नवऱ्याच्या बाबतीत पहिला अंदाज अल्फाचा होता, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. बारीक पेशी, नॉर्मल ए-टू आणि भरपूर लोह म्हटलं की आपल्याकडे आधी एकेरी अल्फाच आठवते. ती असती तर बाळाच्या बाबतीत काळजीचं फारसं कारण नव्हतं. पण बायको बीटाची वाहक असताना अंदाजावर भागत नाही. दोन दिवसांत रक्त जनुकीय तपासणीला गेलं. डेल्टा आणि बीटा इतके सारखे की तपासणीचे तुकडे निवडताना ते फक्त एकालाच चिकटतील याची खबरदारी घ्यावी लागते. अल्फाच्या नेहमीच्या गळती सापडल्या नाहीत. बीटाच्या पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या जागी जी-सी हा आपला नेहमीचा बदल निघाला. आणि सात हजार अक्षरं अलीकडे, डेल्टात, आणखी एक अक्षर बदललेलं.

दोघेही वाहक. दर गरोदरपणात बाळाला थॅलसेमिया मेजर, म्हणजे आजाराचं गंभीर रूप, होण्याची शक्यता चारात एक. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून कागदावर चार चौकोन काढून दाखवले. त्याने विचारलं, "पण माझा रिपोर्ट नॉर्मल आला होता ना?" अकराव्या आठवड्यात वारेचा नमुना घ्यायचं ठरलं, आणि त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं, तिलाही रक्त द्यायला बोलावलं. तिच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी ए-टू च्या पुढे कंसात लिहिलं: एमसीव्ही आधी बघा.